९७ टक्के वजनं झाली, पण मुलांचं काय झालं? बालपोषणाच्या प्रगतीचा आढावा कसा घ्यावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई पहिल्यांदाच जिल्हा परिषदेवर निवडून आल्या आहेत आणि महिला व बालकल्याण समितीवर आहेत. दर बैठकीत त्यांच्यापुढे पोषण अभियानाचा प्रगती अहवाल येतो. वजन-उंची ९७ टक्के, घरपोच आहार ९५ टक्के, गृहभेटी ९२ टक्के, तीव्र कुपोषित बालकं मागच्या तिमाहीपेक्षा कमी. सगळे रकाने हिरवे. पण त्यांच्याच गटातल्या दोन पाड्यांवर गेलं की चित्र वेगळं दिसतं. "आकडे खोटे आहेत का? आणि बैठकीत मी नेमकं काय विचारू?" असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी बालविकास प्रकल्प अधिकारी म्हणून बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलोय. असे अहवाल तयार करून घेतलेत, वरिष्ठांपुढे मांडलेत आणि त्यावरचे प्रश्नही झेललेत. त्यामुळे आधी हे सांगतो, की बहुतेक आकडे खोटे नसतात. ९७ टक्के वजनं झाली असं लिहिलंय म्हणजे साधारण तेवढी मुलं काट्यावर चढलेली असतात. अडचण दुसरीच आहे. तो अहवाल यंत्रणेने काय केलं ते सांगतो. मुलाचं काय झालं, हे त्या कागदावर कुठेच नसतं, आणि ते कोणी विचारतही नाही. तुमचा खरा प्रश्न 'आकडे खरे की खोटे' हा नाही. 'या कागदावरून एखादं मूल सुधारलं की नाही हे कळतं का' हा आहे. आणि आज तरी ते कळत नाही.

एक गोष्ट आधीच मान्य करायला हवी. मी जे सांगतोय ते सगळीकडे जसंच्या तसं लागू पडणार नाही. नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्यातले विखुरलेले पाडे, बीडमधली ऊसतोडीला निम्मी रिकामी होणारी गावं आणि शहरालगतची वस्ती, या तिन्ही ठिकाणी एकच आकडा वेगवेगळं बोलतो. तुमचा तालुका यातला कुठला आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून जिथे फरक पडतो तिथे तसं सांगत जातो.

बाहेरचं चित्रही डोळ्यांपुढे असू द्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३४.४ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी होती. पुढच्या फेरीत हा आकडा ३५.२ झाला. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली, म्हणजे लुकडी मुलं दोन्ही वेळा २५.६ टक्केच होती. त्यातली तीव्र लुकडी मुलं मात्र ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेली. आपल्या राज्यातलं या दुसऱ्या फेरीचं काम २०१९ मध्येच उरकलं होतं, त्यामुळे याचं खापर कोविडवर फोडता येत नाही. पण पोषण अभियान सुरू झालं ८ मार्च २०१८ ला. म्हणजे हे आकडे दाखवून 'अभियान फसलं' असं म्हणणंही घाईचं ठरेल. बैठकीत कोणी तसं भाषण ठोकलं तर टाळ्या मिळतील, उत्तर मिळणार नाही.

आता पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीतल्या नोंदी ज्यावर होतात त्या सरकारी ॲपवर, बघा. तिथे देशभरातलं लुकडेपणाचं प्रमाण पाच-सहा टक्क्यांच्या आसपास दिसतं. सर्वेक्षणात ते १९.३ टक्के होतं. हा फरक बघून लगेच 'घोटाळा' म्हणू नका. सर्वेक्षण नमुन्यातल्या घरांमध्ये जाऊन मुलं मोजतं. ट्रॅकर अंगणवाडीत नोंदलेली आणि त्या महिन्यात मोजलेली मुलं धरतो. जे मूल नोंदलंच नाही किंवा मोजायला आलंच नाही, ते ट्रॅकरच्या हिशेबात कुपोषितही नाही आणि धडधाकटही नाही. सगळा फरक यातून निघतो असं मी म्हणणार नाही, मोजण्यातल्या चुकाही असतात. पण पहिला प्रश्न यातूनच सापडतो: हे ९७ टक्के नेमके कशाचे?

याचं उत्तर तुम्ही स्वतः काढू शकता, अधिकाऱ्याची गरज नाही. महाराष्ट्रात हजार लोकवस्तीमागे वर्षाला साधारण १५ जन्म होतात, आदिवासी भागात थोडे जास्त. म्हणजे हजार वस्तीच्या गावात पाच वर्षांखालची सत्तरेक मुलं असायला हवीत. रजिस्टरमध्ये ४५ असतील तर उरलेली पंचवीस कुठे आहेत, हे विचारा. मोठ्या गावात उत्तर सरळ असतं: तीन वर्षांवरची मुलं खासगी बालवाडीत जातात. तसं असेल तर काळजीचं कारण नाही. पण ती पंचवीस मुलं शेतावरच्या वस्तीवर, वीटभट्टीवर किंवा ओढ्यापलीकडच्या पाड्यावर असतील, तर तुम्हाला जे डोळ्यांनी दिसतंय आणि अहवालात दिसत नाही त्याचं कारण सापडलं. माझ्या अनुभवात सगळ्यात नाजूक मुलं याच न नोंदलेल्यांत असतात.

दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, म्हणून जरा सविस्तर सांगतो. 'तीव्र कुपोषित बालकं मागच्या तिमाहीत ४०, या तिमाहीत ३१' असं वाक्य अहवालात असेल. सभागृहात समाधानाची कुजबुज होते आणि पुढचा विषय पुकारला जातो. तुम्ही तिथेच थांबवा आणि त्या चाळीस मुलांची नावनिशीवार यादी मागा. प्रत्येक नावासमोर आज ते मूल कुठे आहे, एवढंच लिहून हवं. समजा यादी अशी आली: चौदा मुलं सुधारली, सहा स्थलांतरित झाली, तिघं सहा वर्षांची झाली म्हणून पटावरून गेली, सतरा अजून तीव्र कुपोषितच आहेत. आणि चौदा नवीन सापडली. सतरा आणि चौदा, एकतीस. आकडा तोच, पण अर्थ पार बदलला. चाळीसपैकी फक्त चौदा सुधारली. नऊ मुलं उपचाराने नाही, तर हिशेबातून बाहेर पडून 'कमी' झाली. सतरा मुलं तीन महिने त्याच श्रेणीत आहेत, आणि माझ्या मते सगळी बैठक या सतरा नावांवर व्हायला हवी.

या सतरांना काय मिळालं हे नाव घेऊन विचारा. गावात ग्राम बाल विकास केंद्र, म्हणजे व्हीसीडीसी, उघडलं का? उघडलं असेल तर मूल रोज आलं का? ताप, जुलाब, सूज, भूक न लागणं असं काही असेल तर ते पोषण पुनर्वसन केंद्रात, एनआरसीत, पाठवायला हवं होतं. पाठवलं का, आणि पाठवलं असेल तर ते पोहोचलं का? आमच्याकडे 'संदर्भित' हा शब्द फार सोयीचा झालाय. चिठ्ठी फाडली की सेविकेचं काम संपतं. पलीकडे केंद्रात खाट रिकामी असते आणि मूल घरीच असतं. आईला तिथे दोन आठवडे राहावं लागतं. घरी दुसरी दोन मुलं असतात, शेतात काम चालू असतं आणि बुडीत मजुरीचे पैसे वेळेवर हातात पडतील याची तिला खात्री नसते. आई 'अडाणी आहे, ऐकत नाही' असा शेरा तुम्हाला ऐकायला मिळेल. तो मान्य करू नका. ती नाही का म्हणाली, हे लिहून मागा. कारणं बहुतेक वेळा तीन-चारच निघतात, आणि त्यातली निदान दोन जिल्हा परिषदेच्या हातातली असतात.

मोजमाप बरोबर आहे का, हे पाहायला डॉक्टर असावं लागत नाही. एकाच मुलाच्या सलग सहा महिन्यांच्या नोंदी काढून बघा. मुलाचं वजन कमी-जास्त होतं, उंची कमी होत नाही. मार्चमध्ये ८२ सेंटिमीटर आणि एप्रिलमध्ये ८०.५ असेल, तर एक तर मूल नीट उभं केलेलं नाही, नाहीतर नोंद बसल्या जागी झालीय. एकीकडे दर महिन्याला उंची तशीच्या तशी, दुसरीकडे सगळ्या मुलांची वजनं पूर्ण किंवा अर्ध्या किलोतच, हीदेखील तशीच खूण. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून मोजायची असते. ते साधन अंगणवाडीत आहे का, आणि असल्यास त्याच्यावर धूळ आहे का, तेही बघा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दंडाच्या घेराची पट्टी तर खिशात मावते. घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला की मूल तीव्र कुपोषित धरायचं. तुमच्या पाड्यावरची शंका पाच मिनिटांत फिटेल. मात्र पट्टी तुम्ही लावू नका, सेविकेला लावायला सांगा आणि शेजारी बसा.

इथे थोडं विषयांतर करतो. सेविका ही त्या सगळ्या साखळीतली कमी मानधन आणि सगळ्यात जास्त रकाने असलेली बाई आहे. सदस्य येतात, दहा मिनिटं बसतात, रजिस्टर उलटतात आणि सगळ्यांसमोर तिला झापतात, असं पाहण्यात आलंय. त्यानंतर तिथून खरी माहिती येणं बंद होतं. तिला फक्त विचारा, 'ताई, तुम्हाला कुठल्या मुलाची काळजी वाटते?' तिला सगळं माहीत असतं. अहवालात न आलेली नावं ती बोटावर मोजून सांगते.

आकडा वाढला म्हणजे काम बिघडलं, हा समज मोडणं हे तुमच्या समितीचं सगळ्यात मोठं काम ठरू शकतं. एखाद्या बीटमध्ये, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडे असलेल्या अंगणवाड्यांच्या गटात, नव्या पर्यवेक्षिका आल्या, त्यांनी पाड्यापाड्यावर जाऊन मुलं शोधली, तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत कुपोषित मुलांची संख्या वाढणारच. त्यांना बैठकीत उभं करून जाब विचारला, तर पुढच्या वेळी संख्या बरोबर खाली येईल, आणि कशी ते सांगायला नको. याउलट ज्या बीटमध्ये वर्षभर शून्य तीव्र कुपोषित आहेत, तिथे मी सगळ्यात आधी जायचो. तुमच्या अहवालात अशी बीटं असतील तर त्यांच्यावर खूण करून ठेवा. कधी शून्य खरंही असतं, बागायती पट्ट्यात तर सहज. पण शेजारच्या दोन बीटमध्ये सात-आठ मुलं आणि मध्येच एकात शून्य, हे जाऊन बघण्यासारखंच असतं.

ऋतूचं भान ठेवा. पावसाळ्यात घरातलं धान्य संपत आलेलं असतं, जुलाब वाढतात, आई दिवसभर शेतात असते, आणि जुलै ते सप्टेंबर मुलांची वजनं घसरतात. त्यामुळे हिवाळ्याचा आकडा पावसाळ्याशी लावून 'सुधारणा' दाखवणं फार सोपं असतं. यंदाचा ऑगस्ट गेल्या ऑगस्टशी लावा. ऊसतोडीच्या भागात दिवाळीनंतर मुलं गावातून जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मेळघाटात होळीच्या सुमारास माणसं गावी येतात. या मधल्या महिन्यांत तुमच्या तालुक्याचे आकडे चांगले दिसतात, कारण मुलंच तिथे नसतात. ट्रॅकरवर एका अंगणवाडीतून दुसऱ्या अंगणवाडीकडे नाव वर्ग करायची सोय आहे. गेलेल्या मुलांपैकी किती नावं पलीकडे पोहोचली आणि परतल्यावर पंधरवड्यात किती मुलं पुन्हा मोजली, हे दोन प्रश्न विचारा. आणि तुमचा तालुका कारखान्याचा असेल तर उलटा प्रश्न: आलेल्या किती मुलांना आपण आहार दिला?

घरपोच आहाराच्या ९५ टक्क्यांबद्दल थोडक्यात. जुलै २०२५ पासून हा आहार देताना चेहरा ओळखून नोंद करणं बंधनकारक झालंय. त्यामुळे पाकीट हातात पडलं का, हे आता पूर्वीपेक्षा बरं कळतं. ते मुलाच्या पोटात गेलं का, हे कुठलंच ॲप सांगत नाही. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० कॅलरी आणि तीव्र कुपोषित मुलाला ८०० कॅलरी मिळाव्यात असा नियम आहे. पण ते पाकीट घरात पाच जणांत वाटलं जातं, किंवा चव आवडत नाही म्हणून जनावरांपुढे जातं. हे विचारायचं ते आईला, तिच्या घरात बसून. आणि जिथे नेटवर्कच नाही त्या पाड्यांवर नोंद न झाल्यामुळे कोणाचा आहार अडला का, हेही विचारा. या अडचणीची तक्रार वर जाणं गरजेचं आहे.

आता एक अवघड विषय, जो बैठकीत सहसा कोणी काढत नाही: बालमृत्यू. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनेच नेमलेल्या बालमृत्यू मूल्यमापन समितीने दोन दशकांपूर्वी दाखवून दिलं होतं, की सरकारी नोंदींतून मोठ्या संख्येने बालमृत्यू सुटतात. आज नोंदणी पुष्कळ सुधारली आहे, तरी एक पडताळा करून बघा. मृतजन्म आणि पहिल्या आठवड्यातले मृत्यू हे दोन आकडे शेजारी-शेजारी मागवा. जन्मून काही तासांत गेलेलं बाळ 'मृतजन्म' म्हणून लिहिलं जाण्याचा धोका असतो, म्हणून दोघांची बेरीज बघायची. मग आरोग्य विभागाचा आकडा, एकात्मिक बालविकास विभागाचा आकडा आणि ग्रामपंचायतीची मृत्यू नोंद ताडून बघा. तिन्ही जुळले तर उत्तमच. जुळले नाहीत तर कोणावर आरोप न करता 'कोणती नावं कुठे नाहीत' एवढंच काढून मागा.

यासाठी दोन्ही विभाग एकाच खोलीत हवेत. मुलाचं वजन अंगणवाडी करते, तपासणी आरोग्य विभागाचं पथक करतं, नवजात बाळाच्या घरी आशा जाते. महिला व बालकल्याणचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या समितीपुढे बसले, तर प्रत्येक जण 'ते त्यांच्याकडे येतं' असं सांगून सुटतो. तुमच्या बैठकीला आरोग्य अधिकाऱ्यांना निमंत्रित करा. अध्यक्षांनी पत्र दिलं की हे होतं.

काय विचारू नये, हेही सांगतो. 'बुटकेपणा या तिमाहीत किती कमी झाला' हा प्रश्न निरर्थक आहे. बुटकेपणा गर्भापासून दोन वर्षांपर्यंत घडतो. आईचं लग्नाचं वय, तिचं रक्त, दोन बाळांतलं अंतर, पाणी, शौचालय हे सगळं त्यात असतं. अभियानानेही वर्षाला दोन टक्के घट एवढंच लक्ष्य ठेवलं होतं, आणि तेही गाठणं कठीण गेलं. तीन महिन्यांत त्याचा हिशेब मागितलात तर कोणीतरी तो तयार करून देईल. त्याऐवजी लवकर हलणारी गोष्ट धरा: जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजनाची बाळं, त्यांच्या घरी झालेल्या भेटी, सहा महिन्यांनंतर वरचं अन्न वेळेवर सुरू झालं का, आणि वर सांगितलेली ती सतरा नावं.

तुमच्या समितीच्या हातात काय आहे याबद्दल भ्रम नको. घरपोच आहाराचा पुरवठादार तुम्ही बदलू शकत नाही, पर्यवेक्षिकांची भरती करू शकत नाही. साधारण पंचवीस अंगणवाड्यांमागे एक पर्यवेक्षिका असं गणित आहे. जागा रिक्त राहिल्या की एकेकीकडे दोन-दोन बीट येतात, आणि मग तपासणी कागदावरच होते. हे तुम्ही ठरावाने शासनाला कळवू शकता, तेवढंच. पण जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के हिस्सा महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. शिलाई यंत्रं आणि सायकली वाटण्यात तो बऱ्याचदा संपतो. त्यातून बंद पडलेले वजनकाटे दुरुस्त करणं किंवा एनआरसीत आलेल्या आईबरोबर तिच्या धाकट्या मुलाचीही सोय करणं नियमात बसतं का, हे लेखा विभागाकडून लेखी विचारून घ्या. तोंडी 'बसत नाही' हे उत्तर मान्य करू नका.

आणि इतिवृत्त. बैठकीत काय बोललात याला फारशी किंमत नसते, इतिवृत्तात काय उतरलं त्याला असते. 'अधिकाऱ्यांना योग्य त्या सूचना देण्यात आल्या' असं वाक्य आलं तर मंजुरी देऊ नका. कोणी, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या मुलांबाबत काय करायचं, हे लिहून घ्या. पुढच्या बैठकीत नवा अहवाल वाचण्याआधी मागच्या बैठकीचा अनुपालन अहवाल वाचायला लावा. पहिल्या वेळी कुरकुर होईल. दुसऱ्या वेळी प्रकल्प अधिकारी स्वतःच तालुक्यातून नावांच्या याद्या मागवायला लागतात, हे मी पलीकडून पाहिलंय.

सुरुवात सगळ्या जिल्ह्यापासून करू नका, पहिल्या बैठकीत एवढं पचणार नाही. तुमच्या गटातली त्या दोन पाड्यांची अंगणवाडी आणि अजून एक शून्यवालं बीट घ्या. मागच्या तिमाहीतली तीव्र कुपोषित मुलांची यादी आणि त्यांची आजची स्थिती, एवढा एकच कागद मागा. एक काळजी घ्या. त्या यादीत मुलांची नावं, आईचं नाव, पाडा सगळं असेल. ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका, पत्रकारांना देऊ नका, मुलांचे फोटो तर मुळीच नकोत. माहिती बाहेर गेली की दुसऱ्या दिवशी सेविकेवर नोटीस निघते आणि त्या घराचा दरवाजा तुमच्यासाठी बंद होतो. यादी आली की नावं वगळून फक्त संख्या इथे लिहा: किती सुधारली, किती तशीच आहेत, किती गेली, किती नवीन. मग तुमच्या तालुक्यात अडतंय कुठे, यावर नेमकं बोलता येईल.